कोळशाच्या गावातून अणुविजेकडे पाहताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, दिवाळी २०२५ च्या सुट्टीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितले होते, "तू सॉफ्टवेअरवाली आहेस, एआयवर बोल." मी नाही म्हटले. एआयवर आजकाल सगळेच बोलतात. मला बोलायचे होते आपल्या ग्रुपवर फेब्रुवारीत झालेल्या भांडणावर. तुमच्यापैकी निम्म्यांना ते आठवत असेल, कारण त्या दोन दिवसांत चारजण ग्रुप सोडून गेले होते. परत आले, हे बरे झाले.

यंदाच्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज उभी करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्या संध्याकाळी तुकूममध्ये राहणाऱ्या आपल्या एका मित्राने लिहिले, "आणा बाप्पा लवकर. इथे राख खाऊन राहिलो आम्ही चाळीस वर्षांपासून." मी पुण्यात बसून त्याला अणुवीज किती धोक्याची आहे यावर भलामोठा मेसेज टाकला. त्यावर त्याचे उत्तर एका ओळीचे होते: "तुह्या पोरीले नेबुलायझर लावा लागते का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या मुलीला लावावा लागत नाही. त्याच्या मुलाला हिवाळ्यात लावावा लागतो. म्हणून आज जे बोलणार आहे ते आधी त्याला उद्देशून आहे, मग बाकीच्यांना. तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे.

आधी त्याचे जे बरोबर आहे ते मान्य करते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाची क्रमवारी लावली. त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे आले. शाळेत असताना आपण कशात चौथे आलो असतो तर पेढे वाटले असते! गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी पूड, दुर्गापूरच्या वळणावर दिसणाऱ्या चिमण्या, घुग्घुस रोडवर कोळशाचे ट्रक, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, निव्वळ राखच असते. २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्राला रोज किती गाड्या कोळसा लागत असेल आणि त्याची किती राख होत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

अणुभट्टीतून धूर निघत नाही. राख नसते. तिच्यातून कर्बवायू जवळजवळ निघत नाही. तयार होणाऱ्या विजेच्या युनिटमागे किती माणसे दगावतात असा हिशेब मांडला, तर कोळसा अणुविजेपेक्षा कितीतरी पटींनी घातक ठरतो. हे मी अणुविजेची बाजू घेणाऱ्यांकडून ऐकलेले नाही, अभ्यास केल्यावर मलाच पटले. तेव्हा कोळसा चांगला आणि अणू वाईट, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की एका ओझ्याखालून निघताना दुसरे ओझे काय वजनाचे आहे ते उचलण्याआधी पाहून घ्यावे.

आठवीत की नववीत सरांनी टेबलावर काड्यापेटीच्या काड्या उभ्या करून साखळी अभिक्रिया दाखवली होती. एक काडी पेटली आणि बघता बघता सगळ्या पेटल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या वेणीचे टोक थोडक्यात वाचले. ती मुलगी मीच. सर, तुम्ही तेव्हा सांगितले होते की भट्टीत मधल्या काड्या काढून घेतात, म्हणजे आग आटोक्यात राहते. ते खरेच आहे. पण एक गोष्ट मला फार पुढे, इंजिनिअरिंगला गेल्यावर कळली. कोळशाची भट्टी बंद करायची तर कोळसा टाकणे थांबवायचे. काही तासांत ती विझते. अणुभट्टीतली साखळी थांबवली तरी इंधन तापतच राहते, कारण फुटलेल्या अणूंचे तुकडे स्वतः किरणोत्सारी असतात. बंद केल्याच्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या साधारण सहा-सात टक्के उष्णता शिल्लक असते. तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या संचासाठी हा आकडा १०० मेगावॅटच्या आसपास जातो. ती कमी कमी होत जाते, पण दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे पाणी फिरते ठेवावे लागते. म्हणजे या यंत्राचे बटण बंद केले तरी ते बंद होत नाही. अणुविजेचा जवळजवळ प्रत्येक मोठा धोका इथून सुरू होतो.

फुकुशिमात ११ मार्च २०११ ला नेमके हेच झाले. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद पडल्या, जशा पडायला हव्या तशाच. मग समुद्राची लाट आली, चौदा-पंधरा मीटरची. केंद्र बांधताना धरलेला हिशेब त्याच्या निम्म्याहून कमी उंचीचा होता. डिझेल जनरेटर पाण्यात गेले, पंप थांबले आणि बंद असलेल्या भट्ट्यांतले इंधन वितळले. किरणोत्साराने तिथे फार माणसे दगावली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण दीड लाखाहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली, आणि त्या धावपळीत, त्या विस्थापनात फुकुशिमा प्रांतातली दोन हजारांहून अधिक माणसे, बहुतेक म्हातारी, गेली. तिथे २० किलोमीटरचे वर्तुळ रिकामे केले होते. आपल्या थर्मलभोवती तेवढे वर्तुळ काढून पाहा. सगळे चंद्रपूर शहर त्यात येते. २०११ च्या जनगणनेत आपण तीन लाख वीस हजार होतो. इतक्या माणसांना एका रात्रीत कुठे न्यायचे? मूल रोडने?

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका कोल्ड स्टोरेजसाठी देखरेखीचे सॉफ्टवेअर लिहिले होते. पडद्यावर हिरवा दिवा म्हणजे कूलिंग चालू. एका रात्री दिवा हिरवा होता आणि आत माल सडत होता. चौकशी केली तेव्हा चूक माझी निघाली. कॉम्प्रेसरला 'चालू हो' असा आदेश गेला की मी दिवा हिरवा करत होते. कॉम्प्रेसर खरोखर चालू झाला का, हे मी विचारतच नव्हते. शेतकऱ्यांचा माल गेला. माझी नोकरी राहिली, पण तो हिरवा दिवा अजून माझ्या स्वप्नात येतो.

त्यानंतर मी अपघातांचे अहवाल वाचायला लागले, आणि थ्री माइल आयलंड वाचताना माझ्या अंगावर काटा आला. २८ मार्च १९७९, अमेरिका. भट्टीची एक झडप उघडली आणि परत बंद व्हायच्या ऐवजी अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा सांगत होता की झडप बंद आहे. कारण तो दिवा झडपेकडे बघून लागत नव्हता. झडपेला 'बंद हो' हा आदेश गेला की नाही, एवढेच तो दाखवत होता. दोन तासांहून अधिक वेळ थंड करणारे पाणी त्या झडपेतून निघून जात राहिले आणि शिकलेसवरलेले, अनुभवी ऑपरेटर त्या दिव्यावर विश्वास ठेवून उलटे निर्णय घेत राहिले. भट्टीतले जवळपास अर्धे इंधन वितळले. माझीच चूक, माझ्या जन्माच्या आधी झालेली. फरक इतकाच की माझ्या चुकीत फळे सडली.

आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर उत्तर प्रदेशातले नरोरा घ्या. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला आणि आग केबलींमधून पसरली. राखीव व्यवस्था होती, पण मुख्य आणि राखीव केबली एकमेकींजवळूनच नेलेल्या होत्या. दोन्ही जळाल्या. केंद्र सुमारे सतरा तास विजेशिवाय होते. नियंत्रण कक्षात धूर भरला. अंधारात, टॉर्च घेऊन काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी भट्टीत बोरॉन सोडून आणि पंप चालवून ती सांभाळली. त्या माणसांना माझा सलाम आहे. पण व्यवस्था अशी असावी की सलाम करायची वेळच येऊ नये.

आणि २०१९ मध्ये कुडनकुलमच्या प्रशासकीय नेटवर्कवरच्या एका संगणकात घातक सॉफ्टवेअर सापडले. अणुऊर्जा महामंडळाने ते मान्य केले. भट्टी चालवणारी यंत्रणा वेगळी आहे, तिला धक्का लागला नाही, असेही सांगितले. मी त्यावर अविश्वास दाखवत नाही. पण "वेगळे आहे" हे वाक्य माझ्या क्षेत्रात मी फार वेळा ऐकले आहे, आणि एखादा पेन ड्राइव्ह त्याला खोटे पाडताना पाहिला आहे.

दुसरा मुद्दा पाण्याचा. हा आपल्याला कुणी शिकवायला नको. अणुभट्टीच्या उष्णतेपैकी फक्त एक तृतीयांशाची वीज होते. उरलेली दोन तृतीयांश समुद्रात, नदीत किंवा हवेत सोडावी लागते. म्हणूनच आपली काही अणुकेंद्रे समुद्रकाठी आहेत. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि आपल्या थर्मलचे संच बंद ठेवावे लागले, ते आठवते ना? फ्रान्समध्ये २००३ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात नद्या इतक्या तापल्या की अणुकेंद्रांना उत्पादन कमी करावे लागले. फ्रान्सच्या उन्हाळ्यात. आपल्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो. विजेची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच पाणी सगळ्यात कमी असते. देशाच्या आतल्या भागात, नदीकाठी केंद्र काढायचे कुणी म्हणाले तर पहिला प्रश्न हा विचारा.

तिसरा मुद्दा कचऱ्याचा. आपली राख दिसते तरी, आणि तिचे सिमेंट, विटा तरी होतात. वापरलेल्या अणुइंधनात प्लुटोनियम-२३९ असते. ते अर्धे व्हायला चोवीस हजार वर्षे लागतात. आपला देश वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करून त्यातले प्लुटोनियम वेगळे काढतो. त्याने उपयोग होतो, पण उरलेला जहाल कचरा काचेत बंद करून सांभाळावाच लागतो. आता आपला परकोट डोळ्यांसमोर आणा. गोंडराजांनी उभा केला, त्याला पाचशे वर्षांच्या आसपास झाली. जटपुरा गेटातून आपण शाळेत यायचो. एवढ्या काळात राज्ये किती बदलली, भाषा किती बदलल्या, आणि कितीतरी ठिकाणी भिंत ढासळली. चोवीस हजार वर्षे म्हणजे अशा अठ्ठेचाळीस परकोटांचे आयुष्य. इतका काळ "इथे खणू नका" हे कुणी, कुठल्या भाषेत सांगायचे?

चौथा मुद्दा जमिनीचा आणि माणसांचा. महाराष्ट्रात अणुवीज नवी नाही. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ पासूनचे. पुढे तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. रत्नागिरीतल्या जैतापूर प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या भागातली ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. आंबा-काजूवाल्यांनी आणि साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी विरोध केला. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमाच्या महिनाभर नंतर, पोलीस गोळीबारात एक तरुण मच्छीमार मारला गेला. आज चौदा वर्षांनंतर तिथे एक युनिटही वीज तयार झालेली नाही.

आपल्या आणखी जवळचे सांगते. मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यातल्या चुटक्याला अणुकेंद्र ठरले आहे. तिथली गोंड कुटुंबे नर्मदेवरच्या बरगी धरणाने एकदा उठलेलीच आहेत. आता दुसऱ्यांदा उठा म्हणतात. युरेनियमही आकाशातून येत नाही. झारखंडमध्ये जादूगोड्याला १९६७ पासून ते खणतात, आणि खाणीचा चोथा ज्या तळ्यांत साठवतात त्यांच्या शेजारी आदिवासी गावे आहेत. २०१९ मध्ये तेलंगणातल्या नल्लमलाच्या जंगलात, वाघांच्या राखीव क्षेत्रात, युरेनियम शोधायची गोष्ट निघाली तेव्हा लोक इतके उठले की विधानसभेला विरोधाचा ठराव करावा लागला. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यांना, गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर खणताना पाहणाऱ्यांना ही कहाणी नवी नाही. वीज जाते मुंबई-पुण्याला. मी पुण्यात राहते, म्हणून हे म्हणायचा मला जास्त संकोच वाटतो, आणि म्हणूनच म्हणते.

पाचवा मुद्दा पैशाचा. जैतापूरला ज्या फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्या यायच्या आहेत, तसली एक फ्रान्समध्येच फ्लामनव्हिलला २००७ मध्ये सुरू केली. २०१२ मध्ये पूर्ण होणार होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती ग्रिडला जोडली गेली. ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांच्या पुढे गेला. फिनलंडमध्ये तशीच भट्टी २००९ ऐवजी २०२३ मध्ये पूर्णपणे चालू झाली. माझ्या क्षेत्रातही प्रोजेक्ट लांबतात, पण चौदा वर्षे उशीर झाला तर आम्हाला कुणी दारात उभे करणार नाही! आणि अपघात झालाच तर? आपल्या २०१० च्या कायद्यात केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांवर थांबत होती. दीड लाख माणसे उठवावी लागली तर माणशी एक लाख होतात. तेवढ्यात दुर्गापूरला एक खोली येत नाही.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ठरवणार कोण, आणि माहिती कुणाला? अणुऊर्जेचा १९६२ चा कायदा सरकारला बरीच माहिती गुप्त ठेवू देत होता. सुरक्षेवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झाले. ते पुरेसे स्वतंत्र नाही, आणि जुनी झालेली अणुकेंद्रे मोडीत कशी काढायची याच्या योजना तयार नाहीत, असे कॅगनेच २०१२ च्या अहवालात म्हटले.

याउलट आपल्या गडचिरोलीतले मेंढा पाहा, धानोरा तालुक्यातले. कॉलेजात असताना मी तिथे एक दिवस ग्रामसभेत मागे बसले होते. विषय साधा होता, बांबूचा. निर्णय झाला नाही. का, तर दोन म्हाताऱ्या बायांना पटले नव्हते. "मंग पुढच्या बैठकीत," असे म्हणून सगळे उठले. मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटला. आज वाटते, ज्या यंत्राचा कचरा चोवीस हजार वर्षे सांभाळायचा, त्याचा निर्णय एवढ्या सावकाशीनेच व्हायला हवा. अभ्यास करून, सगळ्यांसमोर, नको म्हणणाऱ्यासाठी थांबून.

तर मग काय करायचे? तिसऱ्या रांगेतला मित्र हेच विचारणार. मी अणुवीज मुळीच नको असे म्हणत नाही. आहेत ती केंद्रे नीट चालावीत, त्यांची देखरेख स्वतंत्र व्हावी. पण आज देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. नवे केंद्र ठरवल्यापासून वीज यायला पंधरा-वीस वर्षे जातात. तुझ्या मुलाला श्वास यंदाच्या हिवाळ्यात हवा आहे. तोवर तो इंजिनिअर होऊन पुण्याला येईल! त्याच्यासाठी जे करायचे ते चिमण्यांवरच्या यंत्रणेत, राखेच्या तळ्यात, कोळशाच्या उघड्या ट्रकवर आणि जुने संच वेळेत बंद करण्यात आहे. सोबत छतावरचे सौर पॅनल आहेत. सूर्य रात्री नसतो, बॅटरी महाग पडते, हे मला माहीत आहे. पण पॅनल पडले तर गाव उठवावे लागत नाही.

कोळशाला कंटाळलेल्या माणसाला "अणूला घाबर" म्हणणे सोपे होते, आणि फेब्रुवारीत मी तेच केले. त्याबद्दल, मित्रा, सर्वांसमोर माफी मागते. तुझा राग खरा होता. माझी भीतीही खरी आहे. दोन्ही घेऊन आपण बोललो असतो तर चारजण ग्रुप सोडून गेले नसते.

सर, तुम्ही काड्या पेटवल्या त्या दिवशी पाण्याची बादली टेबलाखाली आधीच आणून ठेवली होती. आम्हा कुणाच्या ते लक्षात आले नव्हते, काल तुम्हीच सांगितले. अणुविजेबद्दल माझा सगळा प्रश्न तेवढाच आहे: बादली आहे का, ती भरलेली आहे का, आणि ती कुणी जाऊन पाहिली आहे का, की नुसता दिवा हिरवा आहे.

आता जेवायला चला, वडाभात थंड होतो आहे.